ग्रेड केलेली नाणी कोठून घ्यावीत?

प्रश्न विचारणाऱ्या ताई नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहतात. त्यांच्या देवघरात आजेसासऱ्यांच्या वेळचे सात चांदीचे रुपये आहेत. ते हाताळता हाताळता त्यांना जुन्या नाण्यांची गोडी लागली. आता ५०,००० रुपयांपर्यंत खर्च करून राणीछाप रुपयापासून पाचव्या जॉर्जच्या रुपयापर्यंतची चार-पाच ग्रेड केलेली, म्हणजे दर्जाच्या चिठ्ठीसह प्लास्टिकच्या सीलबंद डबीत येणारी, नाणी घ्यावीत असे त्यांच्या मनात आहे. इतवारीतील ओळखीचा व्यापारी, मुंबईतील लिलाव, ऑनलाइन विक्रीची संकेतस्थळे आणि परदेशातील विक्रेता असे चार मार्ग त्यांनी मांडले असून त्यांतील कोणता धरावा, असे विचारले आहे. पत्राच्या शेवटी एक वाक्य त्यांनी जाता जाता लिहिले आहे : पाच-सात वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी गरज पडली तर ही नाणी विकता यावीत.

ताई, आपला खरा प्रश्न मला त्या शेवटच्या वाक्यात दिसतो. नाणे चुकीचे निघाले तर ते कोण परत घेईल, आणि नाणे अगदी बरोबर असूनही उद्या विकायचे झाले तर ते कोण आणि कोणत्या हिशेबाने घेईल, या दोन गोष्टींची उत्तरे पैसे देण्यापूर्वी ज्या ठिकाणी मिळतात, ते ठिकाण चांगले. हे एकदा लक्षात आले की दुकान इतवारीत आहे की फोर्टमध्ये आहे, हा मुद्दा मागे पडतो. मी ३१ वर्षे नाणी जमवीत आहे आणि त्यांतील काही वर्षे थोड्या प्रमाणात विकतही होतो. विक्री मी आता पूर्णपणे थांबवली आहे, त्यामुळे पुढे जे लिहितो त्यात माझा लाभ गुंतलेला नाही. तरीही प्रत्येकाला लागू पडेल असे एकच उत्तर या प्रश्नाला नाही. नाणे कोणत्या सालाचे आहे, आपली थांबण्याची तयारी किती आहे आणि मुंबईपर्यंत जाऊन नाणे पाहणे जमेल का, यांवर बरेच अवलंबून आहे. यांपैकी नाण्याचे साल ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून तिच्याकडे मी विस्ताराने येणार आहे.

आधी त्या डबीविषयी, जिला आम्ही संग्राहक ‘स्लॅब’ म्हणतो. नाण्याच्या स्थितीला १ ते ७० या मोजपट्टीवर अंक देण्याची पद्धत अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली मांडली. तिच्या आधारे पीसीजीएस या संस्थेने १९८६ पासून आणि एनजीसी या संस्थेने १९८७ पासून नाणी तपासून, अंक देऊन, सीलबंद करून परत देण्याचे काम सुरू केले. भारतीय नाण्यांच्या बाजारात आज प्रामुख्याने याच दोन नावांना मान आहे. चलनात न फिरलेल्या नाण्याला एमएस ६० ते एमएस ७० असे अंक मिळतात, अगदी किंचित झिजलेल्याला एयू ५० ते एयू ५८, आणि त्याखाली ईएफ, व्हीएफ अशा पायऱ्या उतरत जातात. हा अंक म्हणजे अनुभवी तपासनिसांनी नाण्याच्या स्थितीविषयी दिलेले मत होय. त्यात किंमत लिहिलेली नसते, आणि त्या किमतीला कोणी ते नाणे विकत घेईल असे वचनही नसते.

अंकाऐवजी ‘डिटेल्स’ हा शब्द छापलेला दिसला की पुढची ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. नाणे खरे आहे, परंतु त्याला अशी काही इजा झालेली आहे की त्याला सरळ अंक देता येत नाही, असा त्याचा अर्थ असतो. आपल्या भागात यांतील दोन इजा फार आढळतात. ‘क्लीन्ड’ म्हणजे घासलेले नाणे, आणि ‘माउंट रिमूव्हड’ म्हणजे दागिन्यासाठी लावलेली कडी काढून टाकलेले नाणे. विदर्भात रुपयांच्या माळा घालण्याची रीत जुनी आहे. माळेतील रुपयाला कडी जोडण्यासाठी डाक (झाळण) दिलेला असतो, आणि कडी काढली तरी कडेवर त्या डाकाची खूण राहते. असे नाणे प्रेमाने जवळ ठेवावे, पण त्याच सालाच्या निर्दोष नाण्याच्या भावाने ते घेऊ नये. काही विक्रेते जाहिरातीत ‘एनजीसी प्रमाणित’ एवढेच मोठ्या अक्षरांत लिहितात आणि छायाचित्रात चिठ्ठीचा हा भाग नेमका अस्पष्ट ठेवतात, म्हणून चिठ्ठीचे ठळक छायाचित्र मागूनच घ्यावे.

स्लॅबमुळे खरेदीदाराला सुरक्षितता मिळते हे खरे आहे, पण त्याबरोबर त्याच्या हातातील काही साधने काढून घेतली जातात, याची जाणीव नवख्या माणसाला करून देणे मला आवश्यक वाटते. ब्रिटिश काळातील प्रमाण चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा असतो आणि त्यात बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी असते. सुटे नाणे आपण काट्यावर ठेवू शकतो, टेबलावर वाजवून त्याचा खणखणीतपणा ऐकू शकतो, कडेच्या रेघा बोटाने तपासू शकतो. आपल्या आजोबांच्या पिढीने खरा-खोटा रुपया असाच ओळखला. डबीत बंद झालेल्या नाण्याच्या बाबतीत यांतील काहीच करता येत नाही. मग आपला सगळा विश्वास नाण्यावरून उठून डबीवर आणि चिठ्ठीवर जातो, आणि खोटी नाणी करणाऱ्यांनी हे केव्हाच ओळखलेले असल्यामुळे खोट्या डब्याही बाजारात आल्या आहेत.

यावर उपाय आहे. दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर चिठ्ठीवरील क्रमांक टाकला की त्या क्रमांकाचे नाणे कोणते आणि त्याला कोणता दर्जा दिला होता, हे विनामूल्य दिसते, आणि अनेक नाण्यांचे छायाचित्रही दिसते. बहुतेक लोक क्रमांक जुळला की समाधान मानतात, तेथेच चूक होते. खोटी डबी बनवणारा मनाने क्रमांक घालत नाही. तो एखाद्या खऱ्या नाण्याचा क्रमांक उचलतो, त्यामुळे साल आणि दर्जा जुळतातच. जुळवून पाहायचे असते ते छायाचित्र. राजाच्या गालावरील बारीक ओरखडा, अक्षरांजवळील काळसर डाग, कडेजवळच्या रंगछटा, या गोष्टी प्रत्येक नाण्याच्या स्वतःच्या असतात आणि त्यांची नक्कल होत नाही.

हे मी किंमत मोजून शिकलो. २०१३ साली मुंबईतील एका नाणे-प्रदर्शनात १९०० सालचा, एमएस ६३ दर्जाचा राणीछाप रुपया मी एका टेबलावरून घेतला. विक्रेत्याचे दुकान कोठे आहे हे मी विचारले नाही, रोख पैसे दिले आणि पावती मागितली नाही. घरी येऊन क्रमांक तपासला तेव्हा साल आणि दर्जा दोन्ही जुळले. छायाचित्र मात्र त्या क्रमांकासमोर नव्हते, आणि मी निश्चिंत झालो. दोन वर्षांनी एका लिलावाच्या पुस्तिकेत तोच क्रमांक असलेली दुसरी डबी छापलेली दिसली. त्या नाण्यावर राणीच्या हनुवटीखाली एक लहान डाग होता आणि माझ्या नाण्यावर तो नव्हता. भिंग घेऊन बसलो तेव्हा माझ्या चिठ्ठीवरील अक्षरे किंचित जाड असल्याचे आणि मागचे होलोग्राम तिरपे करूनही रंग पालटत नसल्याचे ध्यानात आले. शेवटी डबी फोडली. नाणे ११.२ ग्रॅम भरले आणि आवाज बद्द आला. पावती नव्हती, विक्रेता पुन्हा कोणत्याही प्रदर्शनात भेटला नाही, आणि ती रक्कम तेव्हाच्या माझ्या एका महिन्याच्या पगाराच्या जवळपास होती. तेव्हापासून ज्या डबीच्या क्रमांकासमोर छायाचित्र नाही, ती मी कितीही मोह झाला तरी अनोळखी माणसाकडून घेत नाही. लिलावसंस्थेकडून किंवा वर्षानुवर्षे ठाऊक असलेल्या व्यापाऱ्याकडून ती घेतो, आणि तीही लेखी हमीवर.

आता सालाचा मुद्दा. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर किंवा अधिक वर्षांचे नाणे पुरावशेष ठरते. असे नाणे खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि त्याच्या विक्रीचा व्यवसाय करणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो. आता एक हिशेब मांडून पाहा. १८६२ साल असलेले रुपये त्याच सालाच्या छापाने पुढेही काही वर्षे पाडले गेले, पण १८७४ पासून रुपयांवर नवी साले येऊ लागली. म्हणजे पीसीजीएस आणि एनजीसी यांनी काम सुरू केले तेव्हा १८६२ च्या छापाचा प्रत्येक रुपया शंभरी ओलांडून गेलेला होता. मग तो भारतातून कायदेशीरपणे अमेरिकेत जाऊन ग्रेड होऊन आला, असे घडलेच नसणार. तो पूर्वीच परदेशी गेलेला असेल, तेथील एखाद्या संग्राहकाने तो ग्रेड करून घेतला असेल आणि नंतर कोणी तो आयात केला असेल. पाचव्या जॉर्जच्या १९१८ च्या रुपयाचे तसे नाही. त्याला २०१८ साली शंभर वर्षे झाली, त्यामुळे त्याआधी तो येथून पाठवून ग्रेड करून आणणे शक्य होते. दरवर्षी ही रेषा एक वर्ष पुढे सरकते.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, राणीछाप रुपयाची डबी दाखवणाऱ्या व्यापाऱ्याला आपण एक साधा प्रश्न विचारू शकता : हे नाणे या डबीत बसून नागपुरात कसे आले? जो व्यापारी परदेशातील खरेदीची पावती आणि सीमाशुल्क भरल्याचा कागद दाखवतो, किंवा अमुक लिलावात अमुक क्रमांकाला घेतले असे सांगून पुस्तिकेतील पान दाखवतो, त्याच्याशी पुढे बोलावे. जो हसण्यावारी नेतो किंवा ‘आम्हीच गेल्या काही वर्षांत पाठवून करून आणले’ असे सांगतो, त्याच्याकडून राणीछाप नाणे घेऊ नये. त्याचे म्हणणे खोटे असेल तर डबी संशयास्पद ठरते, आणि खरे असेल तर आपण बेकायदेशीर व्यवहारातील वस्तू विकत घेत असतो.

परदेशी विक्रेत्याकडून थेट मागवण्याचा मार्ग मी आपल्याला याच कारणामुळे सुचवत नाही. तेथील लिलावांत ब्रिटिश भारताची सुरेख नाणी येतात आणि निवडही मोठी असते, हे मान्य आहे. बोलीवरील अधिभार, आंतरराष्ट्रीय टपालखर्च, विमा आणि येथे भरावे लागणारे शुल्क धरले की स्वस्त वाटलेले नाणे स्वस्त राहत नाही, ही झाली वरवरची अडचण. खोलवरची अडचण निराळी आहे. तेथील विक्रेता परत घेण्याची मुदत देतो आणि ग्रेडिंग संस्थाही आपल्या दर्जाची हमी देते, पण दोन्ही हमी वापरायच्या तर नाणे परत परदेशात पाठवावे लागते. शंभर वर्षांवरील नाणे एकदा आपल्या घरी आले की ते परत पाठवणे ही निर्यात होते, आणि पार्सल बांधून टपाल कार्यालयात नेऊन दिले, इतके ते सोपे राहत नाही. म्हणजे कागदावरची जी हमी पाहून आपण निर्धास्त होतो, ती नागपुरात बसून वापरताच येत नाही. विक्रेता भारतातील असेल, तर परत करण्याचा मार्ग एका कुरिअरइतका जवळ असतो.

मुंबईच्या लिलावांविषयी माझे मत अनुकूल आहे. मुंबईत टोडीवाला आणि ओसवाल, बेंगळुरूत मरुधर, अहमदाबादेत क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी अशा संस्था वर्षानुवर्षे नाण्यांचे लिलाव करीत आहेत, आणि त्यांच्या पुस्तिका पाहणे हे स्वतःच एक शिक्षण आहे. लिलावापूर्वी नाणी प्रत्यक्ष पाहण्यासाठी वेळ ठेवलेला असतो. विदर्भ एक्स्प्रेसने संध्याकाळी निघून सकाळी मुंबईत पोहोचावे, दिवसभर नाणी पाहावीत आणि वेळ उरल्यास फोर्टमधील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय पाहून रात्रीच्या गाडीने परतावे, असे मी अनेकदा केले आहे. पहिल्या फेरीत बोली लावू नये, नुसते पाहावे. एमएस ६१ आणि एमएस ६४ शेजारी शेजारी ठेवून दिव्याखाली तिरपे करून पाहिले, टाकसाळीची मूळ चमक फिरत्या चाकासारखी कशी सरकते आणि घासलेल्या नाण्याची चमक कशी एकाच जागी निर्जीव बसून राहते हे डोळ्यांनी अनुभवले, की जे कळते ते कोणत्याही लेखाने कळणार नाही.

मात्र लिलावाचे गणित आधी समजून घ्यावे. समजा बोली १०,००० रुपयांवर थांबली आणि खरेदीदाराचा अधिभार २० टक्के आहे. म्हणजे आपल्याला १२,००० रुपये लागले, आणि त्यावर वस्तू व सेवा कर आणि टपालखर्च निराळा. पुढे तेच नाणे आपण लिलावात विकायला दिले आणि संस्थेने विक्रेत्याकडून १० टक्के घेतले, तर आपले १२,००० परत येण्यासाठी बोली १३,३३३ रुपयांपर्यंत चढावी लागेल. येथील टक्केवारी केवळ हिशेबासाठी धरली आहे. प्रत्येक संस्थेच्या अटींच्या पानावर खरा दर छापलेला असतो आणि तो बोली लावण्यापूर्वी वाचावा. बोलीची मर्यादा ठरवताना अधिभार आणि कर धरूनच आकडा कागदावर लिहून ठेवावा, कारण सभागृहात हात वर जातो तेव्हा तो १०,००० साठी जातो आणि घरी येणारे बिल निराळेच असते. मुलीच्या शिक्षणाचा विषय आपण काढला आहे म्हणून स्पष्टच लिहितो : पाच वर्षांत नाण्याचा भाव एक तृतीयांश वाढेल असे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही, म्हणून जे पैसे त्या वेळी लागणारच आहेत ते नाण्यांत घालू नयेत. ज्या पैशांवाचून अडणार नाही, तेवढेच घालावेत.

ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळांना मी सरसकट वाईट म्हणणार नाही. अनेक प्रामाणिक व्यापारी आता तेथेच आहेत. परंतु जेथे कोणीही खाते उघडून विकू शकतो, तेथे संकेतस्थळाच्या नावापेक्षा विक्रेत्याच्या नावाला महत्त्व येते. तो ग्रेड केलेली नाणी नेहमी विकतो का, छायाचित्रे त्याच नाण्याची आहेत का, आणि परत घेण्याची मुदत किती दिवसांची आहे, हे पाहावे. सामाजिक माध्यमांवर ‘जुन्या नाण्याला लाखो रुपये’ अशा ज्या जाहिराती फिरतात, त्यांच्यापासून दूर राहावे. रिझर्व्ह बँकेचे नाव आणि चिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी शुल्क उकळणाऱ्यांविषयी बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते. बँक अशा व्यवहारांत नसते आणि त्यासाठी कोणाला अधिकारही देत नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. इतवारीच्या सराफ्यात जुने रुपये येतात, पण तेथे ते बहुधा चांदी म्हणून येतात. एका रुपयात सुमारे १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते, त्याला त्या दिवसाच्या भावाने गुणले की मोडीची किंमत निघते, आणि सामान्य सालाच्या झिजलेल्या रुपयाची किंमत त्याच्या फार वर जात नाही. सराफाला चांदी पारखता येते, आणि त्याबाबत मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवीन. एमएस ६२ आणि एमएस ६३ यांतील भेद सांगणे मात्र त्याचे काम नव्हे, आणि चांगला सराफ तसे स्वतःहून सांगतो. ग्रेड केलेली नाणी नियमाने ठेवणारे व्यापारी नागपुरात थोडे आहेत. ते आपल्याला शहरात अधूनमधून भरणाऱ्या नाणी-नोटांच्या प्रदर्शनांत भेटतील. तेथे जाऊन एकदम खरेदी न करता दोन-तीन प्रदर्शने नुसती फिरावीत, कोण पुन्हा पुन्हा दिसतो ते पाहावे, आणि जुने संग्राहक कोणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसतात तेही पाहावे.

व्यापारी पारखण्यासाठी माझी एक पद्धत आहे. त्याच्याच टेबलावरील एक डबी उचलून मी विचारतो, ‘हेच नाणे मी आज आपल्याकडे विकायला आणले असते तर आपण काय दिले असते?’ जो सरळ आकडा सांगतो, मग तो विक्रीच्या किमतीपेक्षा बराच कमी का असेना, त्याच्याशी व्यवहार करता येतो, कारण त्याला दुकान चालवायचे असते आणि त्याने फरक लपवलेला नसतो. जो केवळ भाव वाढणार असल्याचे सांगत राहतो आणि स्वतः घेण्याचे नाव काढत नाही, त्याचा त्या भाववाढीवर स्वतःचाच विश्वास नसतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका वयस्कर व्यापाऱ्याने मी निवडलेला सातव्या एडवर्डचा रुपया माझ्या हातातून काढून घेतला, दिव्याखाली धरला आणि म्हणाला, ‘अंक बरोबर आहे, पण या बाजूला बारीक रेघा आहेत बघा. तुम्हाला उद्या त्या खुपतील. पुढच्या महिन्यात याहून चांगला येईल.’ त्या दिवशी त्याची विक्री बुडाली, आणि पुढची बारा वर्षे मी त्याचा गिऱ्हाईक राहिलो.

पावतीवर नाण्याचे साल, टाकसाळ, ग्रेडिंग संस्थेचे नाव, दर्जा आणि प्रमाणपत्र क्रमांक लिहून घ्यावा, नाणे अस्सल नसल्याचे ठरल्यास पूर्ण रक्कम परत, हे वाक्यही लिहून घ्यावे, आणि पैसे बँकेमार्फत द्यावेत. यात संकोच करण्यासारखे काही नाही. उद्या विकताना हीच पावती आपल्या नाण्याचा इतिहास होते.

कोणती नाणी घ्यावीत हे आपण विचारलेले नाही, पण कोठून घ्यावे हे त्यावरही ठरते, म्हणून थोडे लिहितो. १९११ च्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरील हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, नाणी मागे घेतली गेली आणि १९१२ पासून हत्ती सुधारून काढला गेला. म्हणून १९११ च्या रुपयाला नेहमीच मागणी असते, आणि तो ग्रेड केलेलाच घ्यावा. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया तर इतका दुर्मिळ आहे आणि त्याच्या नकला इतक्या आहेत की, आपल्या अंदाजपत्रकात कोणी तो देऊ केला तर विचार न करता नकार द्यावा. टाकसाळींनी जुन्या साच्यांवरून संग्राहकांसाठी नंतर पाडलेली नाणीही डब्यांत येतात. ती खोटी नसतात, पण चिठ्ठीवर ‘रिस्ट्राइक’ असे लिहिलेले असते, आणि त्यांची तुलना मूळ नाण्याशी करू नये. आपल्याला पुढे कधी भोसल्यांच्या काळातील नागपुरी रुपयाचा मोह झाला, आणि नागपूरकराला तो होतोच, तर तेथे स्लॅबच्या अंकाला फार महत्त्व देऊ नये. हाताने ठोकलेल्या त्या नाण्यांवर साचा मोठा आणि चकती लहान असल्यामुळे लेखाचा काही भागच उमटतो, आणि नाण्याचे मोल कोणता भाग उमटला यावर ठरते. अशी नाणी जाणकाराच्या सोबतीने, सुटी आणि वजन करूनच घ्यावीत. नजर बसावी म्हणून अजब बंगल्यातही एक फेरी मारावी. १८६३ पासूनच्या त्या संग्रहालयाच्या संग्रहात नाणीही आहेत.

आपल्या जागी मी असतो तर ५०,००० रुपये एका खेपेत खर्च केले नसते. पहिल्या सहा महिन्यांत पाचव्या जॉर्जचा सामान्य सालाचा, एयू ५८ ते एमएस ६२ या दर्जाचा एकच रुपया भारतातील व्यापाऱ्याकडून, छायाचित्र जुळवून आणि पावती घेऊन घेतला असता. या दर्जाच्या नाण्यांत देखणेपणा पुरेपूर असतो आणि वरच्या एकेका अंकासाठी मोजावी लागणारी जास्तीची किंमत वाचते. त्यानंतर मुंबईच्या एका लिलावात राणीछाप रुपयासाठी मर्यादा लिहून बोली लावली असती. आणि वर्षभरानंतर त्या पहिल्या नाण्याला तोच व्यापारी काय देतो ते विचारले असते. त्याच्या उत्तरावर उरलेले पैसे त्याच्याकडे न्यायचे की दुसरीकडे, हे ठरले असते.

त्याआधी देवघरातील ते सात रुपये बाहेर काढावेत. एकेक रुपया कडेने धरून, खिडकीशी नेऊन, वरच्या अर्ध्या भागाची कड पाहावी. डाकाची खूण असेल तर ती तेथेच, राणीच्या किंवा राजाच्या डोक्याच्या वर सापडेल. राणीछाप असेल तर तिच्या नावापुढे ‘क्वीन’ आहे की ‘एम्प्रेस’ आहे ते वाचावे. १८७७ पासूनच्या रुपयांवर ‘एम्प्रेस’ येते. साले एका कागदावर लिहून मला कळवावीत. आणि लक्ष्मीपूजनाला ते चिंच लावून घासण्याची घरची पद्धत असेल, तर या वर्षीपासून फक्त कोरड्या मऊ कापडावर ठेवून हळद-कुंकू शेजारी वाहावे, नाण्यावर नव्हे.